आयरिश मठवासी, चामड्याची होडी आणि सात वर्षांचा समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इम्रम म्हणजे कोणत्या प्रकारच्या गोष्टी?

जुन्या आयरिश भाषेतल्या समुद्रप्रवासाच्या कथा. सातव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही शतकं त्या रचल्या गेल्या. साचा ठरलेला: काही माणसं चामडं मढवलेल्या होडीत बसून पश्चिमेच्या महासागरात निघतात, एकामागून एक बेटं लागतात, प्रत्येक बेटावर काहीतरी आक्रीत दिसतं, आणि शेवटी बहुतेक जण घरी परततात. ब्रान, मेल दून, कोरा घराण्यातले तीन भाऊ, आणि श्नेद्गस व माक रीगला हे दोन धर्मगुरू, अशा यातल्या चार कथा नावाजलेल्या आहेत. पाचवी लॅटिनमध्ये आहे: ‘नाविगातिओ सांक्ती ब्रेंडानी’, म्हणजे संत ब्रेंडनची सफर. समुद्रापलीकडची, संतांसाठी राखून ठेवलेली पवित्र भूमी शोधायला तो आपल्या मठवासींसह निघतो, त्याची ही कथा युरोपभर गाजली. तिच्या शंभराहून जास्त हस्तलिखित प्रती आजही टिकून आहेत. इथे तिलाच जास्त जागा दिली आहे, कारण मठातलं जगणं तिच्यात सर्वांत ठसठशीत उतरलं आहे.

या लोककथा की मठात बसून लिहिलेलं साहित्य?

दोन्ही, पण लेखणी मठाच्याच हातात होती. त्या काळच्या आयर्लंडमध्ये शहरं नव्हती. लिहिणं-वाचणं, वासराचं कातडं कमावून त्याची पानं करणं, ग्रंथांच्या नकला उतरवणं हे सगळं मठात चाले. समुद्रापलीकडच्या सुखलोकाच्या देशी कथा आधीपासून लोकांच्या तोंडी होत्या. मठवासींनी त्या घेतल्या आणि त्यांत आपली स्तोत्रं, आपले उपवास, आपली पापं आणि प्रायश्चित्तं भरली.

मठ सोडून ही माणसं समुद्रावर का जायची?

धर्मासाठी स्वतःहून पत्करलेला देशत्याग, हे त्याचं उत्तर. आयरिश समाजात माणसाची पत, कायद्याचं संरक्षण, जमीन, सूड उगवणारे भाऊबंद, सारं काही कुळाशी बांधलेलं होतं. कुळाचा मुलूख सोडला की माणूस कुणाचाच राहत नसे. म्हणून ‘देवाच्या प्रेमापोटी’ मुलूख सोडणं हा मोठा त्याग मानला जाई. सातव्या-आठव्या शतकातल्या एका आयरिश प्रवचनात हौतात्म्याचे तीन रंग सांगितले आहेत, आणि आपल्या सर्व प्रिय गोष्टींपासून दूर होणं याला त्यात पांढरं हौतात्म्य म्हटलं आहे. रक्त सांडायला आयर्लंडमध्ये रोमन सम्राट नव्हते, तेव्हा हा पर्याय!

दुसरं कारण वाळवंटाचं. इजिप्तच्या वाळवंटात राहणारे आद्य तपस्वी हे या लोकांचे आदर्श. आयर्लंडमध्ये वाळवंट कुठून आणणार? बारमाही पाऊस. मग त्यांनी समुद्रालाच वाळवंट मानलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावरच्या मठाचे मठाधिपती अदोम्नान यांनी इ. स. ७०० च्या आसपास त्या मठाचे संस्थापक संत कोलंबा यांचं चरित्र लिहिलं. त्यात कॉर्मॅक नावाचा साधू ‘महासागरातलं वाळवंट’ शोधायला तीनदा निघतो. एकदा दक्षिणेचा वारा त्याला चौदा दिवस सरळ उत्तरेकडे रेटत नेतो, आणि तिथे नांगी मारणाऱ्या बारक्या प्राण्यांचे थवे होडीच्या चामड्यावर तुटून पडतात. होडी फुटते की काय या भीतीने सगळे रडकुंडीला येतात. कॉर्मॅकला ते वाळवंट काही सापडत नाही.

वल्ही न घेता जायचे हे खरं का?

काही जण, हो. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ या जुन्या इंग्लिश बखरीत इ. स. ८९१ ची नोंद आहे: तीन आयरिश माणसं वल्ह्यांशिवाय कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागली. होडी अडीच कातड्यांची, बरोबर सात दिवसांचं अन्न. देवासाठी परदेशी व्हायचं होतं, कुठे पोचतो याची फिकीर नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मग ती इंग्रज राजा आल्फ्रेडला भेटायला गेली.

याची दुसरी बाजू मात्र शिक्षेची. आयरिश कायद्यात गुन्हेगाराला होडीत घालून समुद्रात सोडून देण्याची शिक्षा होती. न्याय देवाने करायचा: तारलं तर तारलं. इ. स. ६९७ च्या अदोम्नानच्या कायद्यात खून करणाऱ्या बाईला एकच वल्हं असलेल्या होडीत बसवून, सोबत पेजेचं भांडं देऊन सोडावं असं आहे. संत पॅट्रिकच्या सातव्या शतकातल्या चरित्रात माक कुल नावाचा गुंड आहे. पॅट्रिक त्याला पायांत बेड्या घालून, बेड्यांची किल्ली समुद्रात फेकून, एका कातड्याच्या होडीतून निघायला सांगतात. तो आइल ऑफ मॅन या बेटाला लागतो आणि पुढे तिथला बिशप होतो.

म्हणजे गुन्हेगार जे शिक्षा म्हणून भोगत, तेच साधू आपण होऊन मागून घेत होते. श्नेद्गस आणि माक रीगलाच्या कथेत हे दोन्ही धागे एकाच ठिकाणी गुंफले आहेत. राजाला मारलं म्हणून साठ जोडप्यांना समुद्रात सोडलेलं असतं. त्या निवाड्याच्या कामाहून आयोनाला परतणारे हे दोघे धर्मगुरू ठरवतात, आपणही तसंच जावं, पण स्वतःच्या इच्छेने. ते वल्ही आत ओढून घेतात.

ब्रेंडन खरा होता का?

होता. सहाव्या शतकातला, नैर्ऋत्य आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्याचा माणूस, गॉलवे परगण्यातल्या क्लोनफर्ट मठाचा संस्थापक. त्याचा मृत्यू इ. स. ५७७ च्या सुमाराचा, सण १६ मे रोजी. लहानपणी त्याला संत ईता या मठाधिपती बाईंनी सांभाळलं असं त्याची चरित्रं सांगतात. सफरीची लॅटिन कथा मात्र त्याच्या मृत्यूनंतर दोनएकशे वर्षांनी लिहिलेली आहे, तेव्हा तिला रोजनिशी समजू नये.

होडी कसली होती?

करख. आजही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तिची वंशज होडी दिसते, फक्त चामड्याऐवजी डांबर फासलेलं कापड असतं. ‘नाविगातिओ’चा लेखक इथे कारागिरासारखा बोलतो: लाकडी फासळ्यांचा सांगाडा, त्यावर ओकच्या सालीत कमावलेली बैलाची कातडी, बाहेरून सगळ्या सांध्यांना चरबी, दोन होड्यांना पुरतील इतकी जादा कातडी बरोबर, कातडी मऊ ठेवायला जादा चरबी, मध्ये डोलकाठी आणि शीड, चाळीस दिवसांची शिधासामग्री.

ब्रेंडनच्या दुसऱ्या एका चरित्रात गंमत आहे. तिथे तो कातड्याच्या होड्यांतून पाच वर्षं हिंडून हात हलवत परततो. ईताबाई त्याला सुनावतात की मेलेल्या जनावरांच्या कातड्यात बसून पवित्र भूमी मिळायची नाही, लाकडाची होडी बांध. तो बांधतो आणि पोचतो.

सात वर्षं प्रवास केला, तर गेला किती लांब?

इथेच बहुतेक वाचक फसतात. साहसकथा म्हणून वाचायला घेतली की ही कथा कंटाळवाणी वाटते, कारण ब्रेंडन पुढे जातच नाही. दर वर्षी त्याच चार जागा. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मेंढ्यांच्या बेटावर. ईस्टरची रात्र यास्कोनियस नावाच्या अजस्र माशाच्या पाठीवर. ईस्टर ते पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) पक्ष्यांच्या बेटावर. नाताळ एका बेटावरच्या, आल्बे या आयरिश संताच्या मठात. मधले महिने समुद्रावर उपास, आणि पुन्हा तेच. शेतकरी वारकरी दर आषाढीला त्याच वाटेने त्याच मुक्कामांवरून जातो आणि ‘गेल्या वर्षी पाहिलं ना पंढरपूर’ असं त्याला कुणी म्हणत नाही, तशीच ही चाल आहे.

माझं मत असं की ही बेटांची कथाच नाही, ती पंचांगाची कथा आहे. मठाचं वर्ष सणांच्या चाकावर फिरतं, आणि लेखकाने ते चाक उचलून समुद्रावर ठेवलं आहे. पवित्र भूमी सात वर्षं जवळच असते. तिच्याभोवती दाट धुकं आहे आणि सात फेरे पूर्ण झाल्याशिवाय ते उघडत नाही. शेवटी भेटणारा तरुण ब्रेंडनला तसं सांगतोही: देवाला तुला महासागरातली आपली गुपितं दाखवायची होती, म्हणून तुला ती लगेच सापडली नाही.

माशाच्या पाठीवर खरंच स्वयंपाक केला?

पहिल्या वर्षी, अजाणता. झाडंझुडपं नसलेलं दगडी बेट समजून मठवासी उतरतात, रात्र प्रार्थनेत काढतात. ब्रेंडन होडीतच थांबतो. त्याला माहीत असतं, पण सांगितलं तर सगळे घाबरतील. सकाळी मिस्सा, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा उपासनाविधी, झाल्यावर चूल पेटते, हंडा उकळायला लागतो आणि बेट लाटेसारखं हलू लागतं. पळापळ. बेट निघून जातं आणि दोन मैलांवरूनही त्याच्या पाठीवरची आग दिसत राहते. पुढच्या वर्षी ते त्याच पाठीवर उतरतात तेव्हा गेल्या वर्षीचा हंडा जागच्या जागी असतो. हे वाचून मला दर वेळी हसू येतं. लेखकालाही आलं असणार.

होडीत मठाचा दिनक्रम कसा पाळायचे?

काटेकोरपणे. मठात दिवसाच्या आणि रात्रीच्या ठरलेल्या घटकांना प्रार्थना असे आणि तिचा गाभा म्हणजे बायबलमधली दीडशे स्तोत्रं. ती मुखोद्गत असणं ही मठवासीची पहिली इयत्ता. आयरिश लोक त्यांना ‘तीन पन्नाशा’ म्हणत. कथेत वादळ येवो की राक्षसी प्राणी, प्रार्थनेची वेळ चुकत नाही. पक्ष्यांच्या बेटावर तर पांढरे पक्षीच घटकांप्रमाणे स्तोत्रं गातात. ते पक्षी म्हणजे सैतानाच्या बंडात पडलेले, पण स्वतः बंड न केलेले देवदूत. त्यांना यातना नाहीत, देवाचं सान्निध्यही नाही. रविवारी आणि सणासुदीला पक्ष्यांचं रूप घेऊन स्तुती करायची मुभा आहे.

एक प्रसंग थोडा थांबून पाहण्यासारखा. संत पीटरच्या सणाच्या दिवशी होडी इतक्या नितळ पाण्यावर येते की तळाशी पहुडलेले मासे कळपांसारखे, डोक्याला शेपूट लावून गोल गोल पडलेले दिसतात. मठवासी ब्रेंडनला विनवतात, आज मिस्सा हळू आवाजात म्हणा, नाहीतर हे ऐकून वर येतील. ब्रेंडन हसतो. समुद्रातल्या सर्वांत मोठ्या जीवाच्या पाठीवर चूल पेटवलीत तेव्हा भ्यायला नाहीत, आणि आता यांना भिता? मग तो मुद्दाम खड्या आवाजात म्हणतो. मासे वर येतात, होडीभोवती लांबवर फेर धरून पोहत राहतात, आणि मिस्सा संपताच आपापल्या वाटेने निघून जातात.

उपासही असाच ठरलेला: समुद्रावर असताना दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी जेवण. वारा पडला की ब्रेंडन म्हणतो, देवच आपला नावाडी आणि सुकाणूही त्याच्याच हाती. वल्ही आत घ्या, शीड तेवढं राहू द्या.

आल्बेचा मठ म्हणजे आदर्श मठ का?

लेखकाच्या डोळ्यांपुढचा आदर्श तोच, यात मला शंका नाही. चोवीस मठवासी, ऐंशी वर्षं संपूर्ण मौन, बोलायचं ते फक्त देवाच्या स्तुतीसाठी. खुणेने काम चालतं. कोठीत रोज बारा भाकरी येतात, कोण आणून ठेवतं हे कुणी पाहिलेलं नाही. दोघांत एक, सणाला प्रत्येकी एक. ब्रेंडनची मंडळी आली त्या दिवशी दुप्पट येतात. शिजवलेलं अन्न नाही, म्हातारपण नाही, आजारपण नाही. संध्याकाळी खिडकीतून एक अग्निबाण आत येतो, वेदीपुढचे दिवे लावतो आणि त्याच खिडकीतून बाहेर जातो. दिव्यांतलं काहीही जळून कमी होत नाही.

ब्रेंडनला तिथेच राहावंसं वाटतं. मठाधिपती नकार देतात: तुला तुझ्या मंडळींसह तुझ्या गावी परतायचं आहे. आदर्श पाहायचा, पण घर करायचं ते आपल्या कटकटींच्या मठात. आठव्या शतकात आयर्लंडमध्ये ‘केली दे’ नावाची कडक शिस्तीची चळवळ जोर धरत होती. डब्लिनजवळच्या टालाचे मठाधिपती मेल रुआन तिचे अग्रणी, मृत्यू इ. स. ७९२. त्या काळात मठ श्रीमंत झाले होते, मठाधिपतीपद घराण्यांत चालत आलं होतं. अशा वेळी बारा भाकरी आणि मौन यांचं चित्र रंगवण्याला टीकेची धार होतीच.

सगळेच प्रवासी पुण्यवान होते का?

नाही, आणि कथा तिथेच माणसाळते. ब्रेंडनने चौदा जण निवडलेले असतात. ऐन निघायच्या वेळी आणखी तिघं येऊन पाया पडतात, आम्हालाही घ्या. तिघांपैकी एकही परत येत नाही.

पहिल्याच बेटावर रिकामा वाडा लागतो. भिंतींवर चांदीने मढवलेले लगाम आणि शिंगं टांगलेली, जेवण मांडलेलं. रात्री सैतान एका काळ्या पोराच्या रूपात चांदीचा लगाम हलवत त्या तिघांपैकी एकासमोर खेळतो. ब्रेंडन हे पाहतो आणि पहाटेपर्यंत प्रार्थना करत राहतो. निघताना तो म्हणतो, इथलं काही घेऊ नका. सगळे म्हणतात, छे. ब्रेंडन म्हणतो, ‘आपल्या बंधूच्या छातीशी लगाम आहे.’ तो माणूस लगाम फेकून पायांवर पडतो, आणि त्याच्या छातीतून ते पोर ओरडत बाहेर येतं: सात वर्षं राहिलो त्या घरातून मला का हाकलतोस? चोर पवित्र भोजन घेतो आणि तिथेच मरतो. देवदूत त्याचा आत्मा नेतात. शिक्षेपेक्षा कबुलीवर भर आहे. आयरिश मठांची हीच खासियत: कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाणी याच्या याद्या त्यांनी केल्या, आणि खाजगीत कबुली देऊन पुन्हा पुन्हा प्रायश्चित्त घेण्याची रीत पश्चिम युरोपात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

दुसरा तीन गायकवृंदांच्या बेटावर आनंदाने राहतो. तिसऱ्याला ज्वालामुखीच्या किनाऱ्यावर राक्षस ओढून नेतात. का, ते लेखक सांगत नाही.

यहूदा नरकात नसून खडकावर कसा?

सुट्टीवर! येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत भर समुद्रातल्या खडकावर लाटांचा मार खात बसलेला भेटतो. रविवारी, नाताळच्या दिवसांत, ईस्टर ते पेंटेकॉस्ट आणि मरियेच्या सणांना त्याला नरकातून सवलत आहे. तोंडासमोर एक फडकं लोंबतं आणि वाऱ्याने फटके मारतं: ते त्याने एका कुष्ठरोग्याला दिलं होतं, पण स्वतःच्या पैशाचं नव्हतं, म्हणून उपयोग कमी. बसायचा दगड त्याने पूर्वी रस्त्यातल्या खड्ड्यात लोकांसाठी टाकलेला. इतका बारीक हिशेब मला दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळाला आहे. रविवारचं महत्त्वही यात आहे. कोरा भावांच्या कथेत रविवारी जमीन खणणारा माणूस तापलेल्या फावड्याने खणत राहतो.

मेल दूनच्या कथेत मठ कुठे आहे?

शेवटी. मेल दून हा जोगिणीवर झालेल्या बलात्कारातून जन्मलेला योद्ध्याचा मुलगा. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघतो. तीसेक बेटं पार केल्यावर खडकावर एक केस वाढलेला तपस्वी भेटतो. तो मूळचा टोरी बेटाच्या मठातला आचारी. मठाचं अन्न विकून त्याने घर सजवलं होतं, मग चोरीचा माल घेऊन समुद्रावर आला आणि अखेर सगळा पाण्यात फेकला. एक लाकडी पेला तेवढा ठेवला. तो मेल दूनला सांगतो: बापाचा मारेकरी तुला भेटेल, त्याला मारू नकोस. देवाने तुम्हाला इतक्या संकटांतून सोडवलं, आणि मरणाच्या लायकीचे तर तुम्हीही आहात. मेल दून ऐकतो. सूडावर उभ्या असलेल्या समाजात हे सांगणं सोपं नव्हतं.

आणि ब्रान?

ती सर्वांत जुनी आणि मठापासून सर्वांत दूर. पण तिथेही रथातून लाटांवर येणारा मनानान हा समुद्रदेव ख्रिस्तजन्माचं भाकीत करतो. थोडी ओढूनताणून केलेली जोड, पण काव्य अप्रतिम.

सगळ्या धर्मगुरूंना ही भटकंती पटत होती?

मुळीच नाही. क्लोनब्रोनीच्या मठाधिपती संत सामथान, मृत्यू इ. स. ७३९, यांच्या चरित्रात एक शिक्षक येऊन म्हणतो, मला परदेशी जायचंय. बाई उत्तर देतात: समुद्राच्या या तीरावर देव सापडत नसता तर गेलो असतो की; पण हाक मारणाऱ्या प्रत्येकाच्या तो जवळ आहे. नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितात आयरिश चारोळी आहे: रोमला जाणं म्हणजे कष्ट फार, लाभ थोडा, जो राजा (म्हणजे देव) शोधतोस तो सोबत नेला नाहीस तर तिथे भेटायचा नाही. केली दे मंडळीही देश सोडण्यापेक्षा मठात टिकून राहण्याच्या बाजूची होती. ‘नाविगातिओ’ या वादाला चलाखीने उत्तर देते: निघा, पण अख्खा मठ बरोबर घेऊन.

ब्रेंडन अमेरिकेला पोचला का?

पुरावा नाही. १९७६-७७ मध्ये टिम सेव्हरिन या साहसी प्रवाशाने ४९ बैलांची कातडी शिवून तशी होडी बांधली आणि केरीहून फेरो बेटं, आइसलंडमार्गे कॅनडातलं न्यूफाउंडलंड गाठलं. यातून होडी पोचू शकते एवढंच सिद्ध झालं.

आयरिश साधू आइसलंडपर्यंत गेले होते याला मात्र चांगला आधार आहे. दिकुइल या आयरिश विद्वानाने इ. स. ८२५ मध्ये लिहिलेल्या भूगोलात, उत्तरेच्या एका बेटावर फेब्रुवारी ते ऑगस्ट राहून आलेल्या धर्मगुरूंचं सांगणं दिलं आहे: ऐन उन्हाळ्यात मध्यरात्रीही सदऱ्यातल्या उवा वेचता येतील इतका उजेड असतो. असं वाक्य कल्पनेतून येत नाही. तोच सांगतो की मेंढ्यांनी भरलेली बेटं साधूंनी नॉर्स (व्हायकिंग) चाच्यांमुळे सोडली. केरीच्या किनाऱ्यापासून १२ किलोमीटरवरच्या स्केलिग मायकल या सुळक्यावर त्यांच्या दगडी घुमटाकार झोपड्या अजून उभ्या आहेत. इ. स. ८२४ मध्ये चाच्यांनी तिथल्या एतगल नावाच्या प्रमुखाला पळवून नेलं आणि तो उपासमारीने मेला. १९९६ पासून तो सुळका जागतिक वारसास्थळ आहे.

सुरुवात कुठून करावी?

‘नाविगातिओ’पासून. लहान आहे, इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. वाचताना बेटांचा नकाशा करू नका, सणांचा तक्ता करा. मग मेल दून घ्या. तिथे विक्षिप्त बेटांची रेलचेल आहे आणि करमणूक जास्त. कोरा भावांची कथा नरकवर्णनांमुळे जड जाते, ती मागे ठेवली तरी चालेल. ब्रानमधली कवनं मोठ्याने वाचावीत.